सातबारा वाचणाऱ्या बायका आणि गावचे वाचनालय

सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात शिरवळच्या बाजाराची एक आठवण सांगितली जाते. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी लहानपणी शिरवळच्या बाजाराला आली होती. तिथे एका मिशनऱ्याने तिच्या हातात एक पुस्तक दिले. घरी गेल्यावर वडिलांनी ते फेकून दिले. तिने ते गुपचूप उचलून आणून जपून ठेवले आणि १८४० साली लग्न झाल्यावर पुण्याला जाताना बरोबर नेले. तिला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हते. वाचता न येणाऱ्या मुलीला पुस्तक आपल्याजवळ असावेसे वाटले, हा या आठवणीतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग.

दरवर्षी ३ जानेवारीला नायगावला मोठी गर्दी होते. मंत्री येतात, हार घातले जातात, शिरवळच्या आसपासचा रस्ता गाड्यांनी भरून जातो. कार्यक्रमाला आमचे गटही जातात आणि जावेच. पण शिरवळ परिसरात काम करणारी कार्यकर्ती म्हणून मला दर वर्षी एकच प्रश्न पडतो. आज या पंचक्रोशीतली एखादी मुलगी, सून किंवा कंपनीत कंत्राटावर काम करणारी बाई बाजाराच्या दिवशी शिरवळला आली, तर तिला पुस्तक कुठे मिळेल? पोथ्या-पंचांगाच्या आणि गाईडच्या दुकानात मिळेल, तेही पैसे मोजून. फुकट किंवा नाममात्र वर्गणीत पुस्तक द्यायची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे, त्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आपल्या बायका पाऊल टाकतात का, याची चर्चा आपल्या चळवळीत फारशी होत नाही. आपण रेशन, पाणी, दारू, हिंसा यांवर बोलतो. वाचनालय हा सुशिक्षितांचा शौक आहे असे आपणही कुठेतरी धरून चाललो आहोत.

आधी थोडी माहिती, कारण आपले हक्क कुठे आहेत ते तिच्यात आहे. आपल्या देशात ग्रंथालयांचा पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. म्हणजे हा विषय आपल्या जवळच्याच भागात सुरू झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर बसवला होता. आपल्या कायद्यात असा कर नाही. आपल्याकडे गावातील लोकांनी संस्था काढायची, ती नोंदवायची, आणि सरकारने तिला अ, ब, क, ड असा दर्जा देऊन अनुदान द्यायचे, अशी पद्धत आहे. अनुदान वर्षानुवर्षे गोठलेले होते. २०२२ मध्ये त्यात साठ टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे तीस हजार रुपये अठ्ठेचाळीस हजारांवर गेले. निम्मी रक्कम पगारावर खर्च करायची. म्हणजे त्या दराने ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजार रुपये आले. आमच्या ओळखीच्या दोन वाचनालयांत ग्रंथपाल बाई आहे. दोन हजारात कोण पुरुष बसणार? अंगणवाडी, आशा, आणि आता ही. पगार म्हणायची सोय नसलेल्या कामांवर बाईच सापडते, याची नोंद आपण इथेही घ्यायला हवी.

तर वाचनालय लोकांच्या पैशावर चालते. आणि तिथे बसते कोण? आमच्या भागातल्या एका गावाचे उदाहरण सांगते. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते अनेक गावांना लागू आहे. वाचनालय ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर. जिन्याच्या पायथ्याशी कायम पाच-सहा पुरुष बसलेले. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडे, म्हणजे ज्या वेळी बाई चुलीपाशी किंवा गोठ्यात असते नेमके तेव्हा. आत मधोमध वर्तमानपत्रांचे टेबल, भोवती निवृत्त शिक्षक आणि नोकरी न मिळालेली मुले. सभासदांच्या वहीत बायकांची नावे होती, चांगली तीसेक. त्यातल्या कित्येकींना आपण सभासद आहोत हे आम्ही विचारल्यावर कळले. एक काकू हसून म्हणाल्या, "आवं ताई, माझं नाव रेशनवर हाय, बँकेत हाय, हितंबी आसंल. सही मातुर मी कुठंच केली न्हाय."

महिलांसाठी कार्यक्रम होतात का, असे विचारल्यावर कार्यकारिणीने अभिमानाने सांगितले की संक्रांतीला हळदीकुंकू असते, आणि वाण म्हणून पुस्तक देतात. कोणते? पाककृती आणि व्रतवैकल्ये. व्याख्यानमालाही होते, रात्री साडेआठला, आणि समोरच्या खुर्च्यांवर कोण बसते हे सांगायला नको.

आम्ही तिथे दुपारी दोन ते चार ही वेळ मागितली. बाईच्या दिवसातली तेवढीच काय ती पोकळी. ग्रंथपालताई तयार झाल्या; त्यांनाही जास्तीच्या वेळेचे पैसे मिळणार नव्हते हे मुद्दाम सांगते. आठवड्यातून दोन दिवस आम्ही बसू लागलो. पहिल्या दिवशी चौघी आल्या.

आता पुस्तके कोणती द्यायची, हा प्रश्न. आपल्या गटांत वाचनाची शिफारस म्हणजे परिवर्तनाचे साहित्य अशी एक सवय आहे. बाईने पहिल्या दिवशी रहस्यकथा मागितली की आपला चेहरा पडतो. मला हे पटत नाही. आलेल्या चौघींपैकी एकीला बाबा कदम हवे होते, एकीला शैलजा राजे, आणि कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या एका मुलीला सुहास शिरवळकर. (शिरवळकर या आडनावामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे.) जे मागितले ते द्यावे. दिवसभर दुसऱ्यांच्या सांगण्यावर चालणाऱ्या बाईने निदान पुस्तक तरी स्वतःच्या मनाने निवडावे. त्याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवणे एवढेच आपले काम. नेईल तर नेईल.

हे शेजारचे पुस्तक मात्र विचार करून ठेवावे लागते. आमच्या अनुभवात सर्वात जास्त हातात फिरलेले पुस्तक बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. लेखिका फलटणच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांचे आजोळचे वीरगाव नीरेपलीकडे, जवळच. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचत बसायच्या, आणि लिहिलेले कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. ते 'स्त्री' मासिकात १९८२ मध्ये क्रमशः आले, पुस्तक १९८६ मध्ये निघाले, आणि २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. २०१२ साली बेबीताई गेल्या. गावातल्या शासनमान्य वाचनालयात हे पुस्तक नव्हते. ऐतिहासिक कादंबऱ्यांची मात्र दोन कपाटे होती. फलटण किती लांब आहे हो शिरवळपासून?

मराठा घरातल्या बायकांनी हे पुस्तक ऐकताना काय केले, हे सांगायला हवे. दोघी उठून गेल्या. एक पुढच्या आठवड्यात परत आली आणि म्हणाली की तिच्या आजेसासूच्या काळात गावात हेच चालायचे, कुणी बोलत नव्हते इतकेच. दुसरी परत आली नाही. जातीचा प्रश्न बायकांच्या बैठकीत आला की बैठक सैल होते, हा आपला जुना अनुभव आहे. पण पुस्तक मध्ये असले की बोलणे पुस्तकाबद्दल आहे असे धरून चालता येते आणि बैठक मोडत नाही. ज्या गटात समोरासमोर हा विषय निघणे अवघड आहे तिथे याचा उपयोग होतो.

'ऐकताना' असे मी म्हटले, कारण आमचे वाचन बहुतेक मोठ्याने असते. अक्षर न येणाऱ्या बाईला वाचनालयाचे काय, असे कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी विचारले होते. श्रावणात घरोघर पोथी लागते, 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत'. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्ये थांबून अर्थ सांगतात. शेकडो वर्षे निरक्षर बाई पोथीची श्रोती आहे, आणि अध्याय कुठे आला हे तिला वाचणाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. ही सवय आयती आहे. वाचणारी बाई असावी आणि अर्थ सगळ्यांनी लावावा, एवढाच बदल आम्ही केला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' अशी वाचली तेव्हा साठीच्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

जपून ठेवण्याचाही एक मुद्दा आहे. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले १९७५ मध्ये. मधल्या त्र्याण्णव वर्षांत किती पिढ्यांच्या बायकांना ते मिळायला हवे होते! कपाटात काय राहते आणि काय रद्दीत जाते हे कुणीतरी ठरवत असते. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढते, पण त्यातून कोणती घ्यायची हे गावची कार्यकारिणी ठरवते, आणि पुष्कळदा खरे तर विक्रेता ठरवतो. गठ्ठा येतो, बिल मंजूर होते. आपल्या गटांनी पुस्तकखरेदीच्या वेळी आपली यादी लेखी द्यावी आणि त्याची पोच घ्यावी. अशी यादी देता येते हेच पुष्कळ जणींना माहीत नसते.

इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. बायका वाचतात, चांगली गोष्ट आहे, असे गाव म्हणत होते. नंतर आम्ही सातबारा वाचायला घेतला.

झाले असे, की एका दुपारी एक बाई घडी घातलेला कागद घेऊन आली. भावाने सही मागितली होती. महामार्ग रुंद झाला आणि केसुर्डीला औद्योगिक वसाहत आली, तसे आमच्या भागात जमिनीचे भाव चढत गेले आणि हे कागद वाढले. पूर्वी कुणी विचारत नव्हते त्या माळाला आज गिऱ्हाईक आहे, आणि विक्रीच्या आधी बहिणींच्या सह्या लागतात. कागदाचे नाव हक्कसोडपत्र. तिला सांगितले होते की हा 'बँकेचा कागद' आहे. आम्ही तो तिथेच मोठ्याने वाचला. दुसऱ्या ओळीतच 'राजीखुशीने' हा शब्द होता.

मग पुढचे दोन महिने आम्ही कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवून हेच वाचले. ज्याच्या घरचा असेल तो सातबारा आणायचा. गाव नमुना सात म्हणजे काय, बारा म्हणजे काय, कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचे नाव, आणि 'इतर हक्क' म्हणून बाजूला जो रकाना असतो त्यात कुणाचे. आपल्या आया-बहिणी बहुतेक त्या बाजूच्या रकान्यात सापडतात. फेरफाराची नोटीस आल्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, घरी कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन भागत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट गेली. वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेले असेल तर ते मोडत नाही. ही शेवटची बाब मी प्रत्येक वेळी सांगते. अर्धवट आशा लावून बाईला भावाशी भांडायला पाठवणे म्हणजे तिला एकटे पाडणे आहे.

कंपनीतल्या मुली पगाराची पावती घेऊन येऊ लागल्या. भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के कापले का, राज्य विमा योजनेचे पाऊण टक्का कापले असेल तर कार्ड कुठे आहे, ठेकेदाराचे नाव दर वर्षी का बदलते. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती हवी हा कायदा २०१३ चा आहे. तो वाचून एक मुलगी म्हणाली, "समितीचा बोर्ड बघितलाय मी. त्यावर ज्याचं नाव हाय, त्याचाच तर त्रास हाय."

कागद घेऊन आलेल्या त्या बाईने सही केली नाही. तिने हिस्साही मागितला नाही. "विचार करून सांगते," एवढेच म्हणाली. आठ दिवसांत वाचनालयाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली, आणि दुपारचे वाचन बंद करावे असे ठरले. कारण काय दिले? विजेचे बिल. तोंडी मात्र मला सांगितले की वाचनालयात पुस्तके वाचावीत, घरे फोडू नयेत. ग्रंथपालताईंना विचारले गेले की त्यांना ही नोकरी नको आहे का. दोन हजारांची नोकरी!

मला या गृहस्थांचे एका अर्थी कौतुक वाटते. वाचनाचा आणि मिळकतीचा संबंध आपल्या आधी त्यांना नीट कळला. बाई कादंबरी वाचते तोवर वाचन ही संस्कृती आहे, ती सातबारा वाचू लागली की तो उपद्रव होतो. आणि घर फुटते ते वाचल्यामुळे नाही. निम्म्या वारसांना न विचारता कागद तयार होतो तेव्हाच ते फुटलेले असते.

आमच्या काही मैत्रिणींचे म्हणणे पडले की हा वाद सोडून द्यावा आणि महिलांचे स्वतंत्र वाचनालय काढावे. स्वतःची जागा, स्वतःची पुस्तके, कुणाची मिनतवारी नको. या म्हणण्यात तथ्य आहे. सयाजीराव गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून बडोद्यात ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग ठेवले, आणि गावांना पुस्तकांच्या पेट्या फिरत्या पाठवल्या. पण तो विभाग सरकारी ग्रंथालयाचाच होता, त्याच तिजोरीतून चालणारा. आपण काढलेली वाचनालये कशी चालतात ते आपल्याला माहीत आहे. तीन वर्षांचा प्रकल्प संपतो, भाडे थकते, पुस्तके कुणाच्या तरी माळ्यावर जातात. आणि आपण वेगळे निघालो की गावचे वाचनालय कायमचे पुरुषांचे झाले, तेही आपल्याच कराच्या पैशावर. मला हे मान्य नाही.

पुस्तकासाठी गाव बदलता येते हे आपल्याच जिल्ह्यात भिलारला दिसले. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचे गाव झाले. घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके मांडली आणि कुणीही जाऊन वाचत बसावे अशी सोय केली. स्ट्रॉबेरी खायला येणारे पर्यटक तिथे फोटो काढतात, ठीक आहे. मला त्यातली एक गोष्ट घ्यावीशी वाटते. पुस्तक घराच्या ओसरीवर आले की बाईला जिना चढावा लागत नाही.

दुपारचे वाचन सध्या एका मैत्रिणीच्या ओसरीवर चालू आहे. पण वाचनालय आम्ही सोडलेले नाही. वाचनालय ही नोंदणीकृत संस्था आहे. तिला घटना आहे, सभासद आहेत, वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, निवडणूक आहे. आम्ही घटनेची प्रत मागितली. आधी सापडत नाही म्हणाले. साताऱ्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे अर्ज केल्यावर सापडली. तीत सभासद व्हायला स्त्रियांना कसलीच आडकाठी नाही. आडकाठीची कधी गरजच पडली नव्हती. बचत गटातल्या एकवीस जणींनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने वर्गणी भरून पावत्या घेतल्या आहेत. वहीत ज्यांची नावे परस्पर घातली होती त्यांनी ती नावे खरी करून घेतली, हे मला विशेष आवडले. हक्कसोडपत्र घेऊन आलेली बाई या एकवीस जणींत आहे. भाऊ तिच्याशी बोलत नाही.

मुक्ता साळवेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. फुल्यांच्या शाळेतली ही मातंग समाजातली मुलगी, जिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. बक्षिसाच्या वेळी तिने खाऊ नको, वाचनालय द्या असे सांगितले, असे म्हणतात. आम्ही ही गोष्ट ओसरीवर सांगितली तेव्हा एका आजींनी विचारले, "मग दिलं का तिला?"

सर्वसाधारण सभेची नोटीस निघायची आहे. आमचे तीन ठराव तयार आहेत: दुपारी दोन ते चार वाचनालय उघडे ठेवावे, पुस्तकनिवडीसाठी समिती नेमून तीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि ग्रंथपालाच्या मानधनात ग्रामपंचायतीने भर घालावी. वाचक गटांपैकी ज्यांनी आपापल्या गावी असे काही केले असेल त्यांनी घटनेतल्या अडचणी, विशेषतः मतदानाचा हक्क कोणत्या सभासदाला किती मुदतीनंतर मिळतो याबद्दलचा आपला अनुभव, अंकाच्या पत्त्यावर कळवावा. सभेआधी मिळाला तर आम्हाला उपयोग होईल.